अनुवादकाची ओळ

संदर्भसूचीची छापील पाने पंडितांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून टेबलाच्या कडेला सरकवली. मांजराने आणून टाकलेला उंदीर शेपटीला धरून उचलावा, तशी. प्रकाशनगृहात सगळे त्यांना पंडित म्हणत. तोंडावर आदराने आणि पाठ वळली की दात विचकून. ज्येष्ठ संपादक या नात्याने त्यांनी आजवर इतरांची पुस्तके घासूनपुसून लख्ख केली होती. आता त्यांचे स्वतःचे पुस्तक, अभिजात गद्याच्या अनुवादांचा इतिहास, संध्याकाळी छपाईला जायचे होते; आणि अनुवादांच्या या इतिहासाच्या सूचीत एकाही अनुवादकाचे नाव उरले नव्हते. मूळ लेखक जागच्या जागी होते, शीर्षके होती, साले होती, प्रकाशक तर ऐटीत बसले होते. ज्यांनी ती पुस्तके वाक्यामागून वाक्य या भाषेत आणली, त्यांचा तेवढा पत्ता कापलेला.

त्यांतली निम्मी पुस्तके पंडितांच्या थोरल्या बहिणीने अनुवादित केली होती. ताईंचे नाव प्रकाशकांनी मुखपृष्ठावर कधी घातले नाही. आतल्या पानावर घातलेच, तर मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत. जन्मात कोणाकडे काही न मागितलेल्या त्या बाईने परवा चष्मा पुसता पुसता एवढेच विचारले होते, "बाळ्या, तुझ्या यादीत माझं नाव येईल ना रे?" त्यावर पंडितांनी अशा काही तोऱ्यात 'म्हणजे काय' म्हटले होते, की ते आठवून आता त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

ते तरातरा जिना उतरून साचेवाल्याच्या खोलीत गेले. पुस्तकांची माहिती साठवणारे सॉफ्टवेअर हा गृहस्थ सांभाळी. त्यात लेखक, शीर्षक, अनुवादक, साल अशा प्रत्येक गोष्टीला वेगळा रकाना असे. कोणता रकाना छापील सूचीत कोणत्या क्रमाने उतरायचा ते साचा ठरवी, आणि तो साचा सगळ्या प्रकाशनगृहाला मिळून एकच होता. खोलीत शिळ्या तेलाचा वास कोंडला होता. कीबोर्डच्या फटींत बिस्किटांचा चुरा, माउसवर बोटांचा चिकट थर आणि पडद्यावर कोणाच्या तरी शिंकेची वाळलेली नक्षी. पंडित खुर्चीच्या अगदी टोकाशी टेकले.

साचेवाल्याने पाने पाहिली न पाहिली आणि तोडगा काढला. अनुवादकाचे नाव लेखकाच्या रकान्यात टाकायचे, की मिटले; इथे सगळे तसेच करतात. एका संपादकबाईंनी तर आपले अनुवादक प्रकाशनस्थळाच्या रकान्यात कोंबले होते. तेही झकास छापून येतात आणि आजवर एका वाचकाने तक्रार केलेली नाही, असे सांगून त्याने ती सूची मोठ्या अभिमानाने उघडून दाखवली.

पडद्यावर एक सभ्य, दिवंगत अनुवादक शहर होऊन बसला होता, आणि त्या शहरात म्हणे पुस्तके प्रकाशित झाली होती.

"म्हणजे माझी बहीण या ग्रंथांची लेखिका म्हणून छापायची?"

"बढतीच आहे की, सर."

"खोटी बढती म्हणजे चोरी. तिच्यावर लोकांनी आजवर अन्याय केला असेल, आळ कोणी घेतला नव्हता. साचा उघडा."

साचा उघडला. लेखकाची ओळ, शीर्षकाची ओळ, मग थेट साल. मधली अनुवादकाची ओळ कोणी तरी मुळासकट उपटली होती. ते पाहताच पंडितांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. आळस, अडाणीपणा, उकिरड्यालाही लाज आणील असा कारभार, अक्षरांशी आणि माणसांशी केलेली बेइमानी, असे सगळे एकेका सुघड वाक्यात बसवून त्यांनी साचेवाल्याच्या ओंजळीत घातले. त्याने ते मुकाट्याने घेतले आणि दम खायला पंडित थांबले तेव्हा म्हणाला, "ओळ मी काढली, सर. तुम्ही सांगितलंत म्हणून."

पंडितांना आठवले. साच्यात आधी 'अनुवाद' हा शब्द आणि त्यापुढे अनुवादकाचे नाव अशी ओळ होती. पुस्तक मूळचेच या भाषेतले असले, तरी तो शब्द छापला जाई आणि पुढे नुसती रिकामी जागा उरे. भर बैठकीत पान फडकावून पंडित म्हणाले होते, की हा शब्द दारातल्या भिकाऱ्यासारखा ताटकळतोय, हाकला त्याला, मला पुन्हा दिसता कामा नये. सगळे खो खो हसले होते. साचेवाला तेव्हा नवा होता. त्याने त्याच दुपारी ओळ उडवली.

"रकाना रिकामा असेल तेव्हाच शब्द गाळायचा, एवढं तरी कळायला हवं होतं," पंडित म्हणाले. पण आवाजाची धार गेली होती.

"कळलं होतं, सर. पण तुम्हाला उलट विचारायची छाती नाही झाली. पुढच्या दोन पुस्तकांच्या सूच्या तुम्हीच तपासल्यात. आता कशी शिस्त आली, म्हणालात."

साऱ्या खोलीचा उबग आलेल्या माणसाला आता थुंकायला जागा उरली नव्हती. ते खुर्ची ओढून पडद्यासमोर नीट बसले. ओळ परत घालायची, पण अट घालून: अनुवादक असेल तरच शब्द आणि नाव, नसेल तर दोन्ही नाही. ते सांगत गेले, साचेवाला लिहीत गेला. पहिल्या खेपेला अट उलटी लागली आणि ज्यांना अनुवादक नव्हता तेवढ्याच पुस्तकांपुढे 'अनुवाद' उगवला. दुसऱ्या खेपेला नावे परतली. ताईंचे नाव पानामागून पान येत राहिले.

पंडितांनी तिथूनच फोन लावला.

"आलं ताई, नाव आलं."

"बरं झालं. तुमच्याकडच्या मागच्या दोन पुस्तकांत नव्हतं, म्हणून विचारलं होतं हो. म्हटलं, तुमच्याकडे तशी पद्धत असेल."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"आत तुझं नाव होतं ना, सूची तपासली म्हणून. मला वाटलं, तुला ठाऊक आहे."

पंडितांनी फोन ठेवला. मग त्यांनी त्या दोन पुस्तकांत घालायला शुद्धिपत्र लिहायला सांगितले. साचेवाल्याने सवयीने टंकले: तांत्रिक कारणास्तव अनुवादकांची नावे वगळली गेली. असली मेलेली वाक्ये पंडितांनी आयुष्यभर इतरांच्या हस्तलिखितांतून खुडून काढली होती.

"वगळली गेली म्हणजे? पायांनी चालत गेली? लिहा: ज्येष्ठ संपादकांनी अनुवादकाची ओळ काढावयास सांगितली आणि नंतर सूची तपासतानाही नावे नाहीत हे पाहिले नाही."

साचेवाला घुटमळला. "सर, शुद्धिपत्राच्या मानाने वाक्य जरा लांब होतंय."

"एक शब्द कमी करायचा नाही," पंडित म्हणाले आणि दोन्ही पुस्तकांच्या सूच्या नव्या साच्यातून पुन्हा काढायला लावल्या.