हौद आणि हौदु

मित्रांनो, मी एक जुना दगडी हौद होतो. आता एका नव्या इमारतीची पायरी आहे. सांगायचा फारसा उत्साह उरलेला नाही, पण तुम्ही माझ्यावर बसलाच आहात तर ऐका.

बेळगावजवळ, हिंडलग्याच्या बाजूला, एका माळावर मला बांधलं. त्या काळी काहींनी माझ्यातून घागर भरायची आणि काहींनी लांब उभं राहून ओंजळ धरायची, अशी रीत होती. तेव्हा मला कुणी विचारलं नाही. पुढे माळावर विद्यापीठ आलं आणि सगळ्यांचे हात माझ्या पाण्यात बुडाले. मला खरोखर आनंद झाला. उन्हाळ्यात नळ रुसले की मुलींच्या वसतिगृहाला माझाच आधार असे. वसतिगृह सांभाळणाऱ्या उपासना मॅडम मला दरवर्षी घासून घ्यायच्या. त्या सोडल्या तर माझ्याकडे कुणी पाहत नसे.

मग एक दिवस माझ्याभोवती फक्कीच्या रेघा पडल्या. रेघा आधी आणि बैठक नंतर, ही इथली पद्धतच. इथे उभारायच्या परीक्षा भवनाबद्दल वसतिगृहाचा सल्ला घ्यायला बांधकाम समितीचे सगळे माझ्या काठाशी जमले. बेंगळुरूहून आलेले इंजिनियर साहेब भले गृहस्थ होते, पण त्यांना मराठी येत नव्हतं. नकाशात माझ्या जागेवर बोट ठेवून त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "हे काढू ना?"

मॅडम दचकल्या आणि त्यांच्या तोंडून मराठीच निघालं, "हौद?"

कन्नडमध्ये 'हौदु' म्हणजे 'होय'. साहेबांनी मान डोलावली आणि टिपून घेतलं. तेवढ्यात चहा आला. मॅडमना वाटलं, आत्ता नुसतं विचारलंय, ठरायचं अजून बाकी आहे.

आठवड्याभरात जेसीबी आला. माझी एक भिंत पडली तेव्हा मॅडम धावत आल्या. "मी हौद म्हटलं, हौदु न्हाय म्हटलं," त्या मराठीत आणि कन्नडमध्येही पुन्हा पुन्हा सांगत होत्या. साहेब ओशाळले. नकाशा काढण्याआधी कळलं असतं तर इमारत थोडी सरकवली असती, म्हणाले. आता खांबांचे खड्डे खणून झाले होते.

मॅडम बांधकाम समितीच्या मारुतीरावांकडे वळल्या. "मग आमाला विचारलं कशाला, आप्पा?"

मारुतीराव खाली बघत म्हणाले, "विचारलं म्हणून कागदावर लिवावं लागतंय, मॅडम."

माझे धड राहिलेले दगड पायरीला लागले. भवन देखणं झालं आहे, ते खोटं कशाला सांगू? पण दगडांत आता पाणी राहत नाही. मित्रांनो, दुसऱ्याच्या वापरातलं काही काढायचं असेल तर रेघा ओढायच्या आधी विचारा, आणि उत्तर पुरतं ऐकून घ्या. मी दमलो आहे, याहून जास्त काही मागत नाही.

काल नळ गेले. वसतिगृहातल्या मुली रिकाम्या बादल्या घेऊन इथवर आल्या आणि पायरीशी थांबल्या. एकीनं राखणदाराला विचारलं, "मामा, हितं हौद होता न्हवं?"

"हौदु," तो म्हणाला.