भूल देणार नाही

हवालदार मानसिंग तिसऱ्यांदा सांगलीच्या इस्पितळात आले, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी त्यांना लांबूनच ओळखलं. "या जवान. या खेपेला कायमचा निकाल लावू."

एकाहत्तरच्या लढाईत मानसिंगांचं उजवं पाऊल सुरुंगानं नेलं होतं. नेलेलं पाऊल तीन वर्षं ठणकत होतं. मोठ्या डॉक्टरांचं गणित सोपं होतं. कापल्या टोकाशी शीर अडकते, म्हणजे पाय आणखी वर कापायचा. दोनदा कापून झाला होता. आता करवत गुडघ्याच्या वर चालणार होती, आणि गुडघा गेला की गावी कोरेगावला उसाच्या सरीतून लाकडी पायानं चालणंही गेलं.

विनोदिनी वाईची. इथं भूलशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. रोग्याला झोपवायचं कसं, हे तिला नीट शिकवलं होतं. जागेपणी वर्षानुवर्षं दुखतं त्याचं काय करायचं, यावर अभ्यासक्रमात एक अक्षर नव्हतं. तिनं एकदा विचारलं, तर मोठे डॉक्टर हसले होते. "दुखणं हा काय विषय आहे? रोग गेला की दुखणं जातं." खुर्ची मोठी झाली की माणसाला स्वतःचंच हसू तेवढं ऐकू येतं. विनोदिनीनं मग ग्रंथालयातली परदेशी मासिकं धुंडाळून स्वतःच वाचलं. गेलेला अवयव खरोखर दुखतो, आणि पुन्हापुन्हा कापून तो थांबतोच असं नाही, एवढं तिला कळलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी ती मानसिंगांना तपासायला गेली आणि स्टूल ओढून कॉटशी बसली.

"मागच्या ऑपरेशननंतर दुखायचं थांबलं होतं ना?"

मानसिंगांनी चादर पायावर ओढून घेतली. बायको लीलाबाई उशाशी होती. तिला राहवलं नाही. "कशाचं थांबतंय? नसलेली बोटं मुडपत्यात म्हणून ह्ये भुईवर मुठी आपटत्यात. आवं, सांगा की बाईंना."

"मग डॉक्टरांना 'नाही दुखत' असं का सांगितलंत?"

"त्ये साहेब," मानसिंग म्हणाले. "राउंडाला आले की आपसूक पाठ ताठ हुती. त्यांनी 'काय तकरार?' म्हटलं की आमच्या तोंडातनं 'न्हाई साहेब' येवढंच निगतं. पलटणीत आमी त्येच शिकलो."

विनोदिनीला सगळा घोळ उमगला. या माणसानं शिस्तीनं 'नाही' म्हणायचं आणि मोठ्या डॉक्टरांनी त्याला गुण आला समजून, तो पुन्हा दुखणं घेऊन आला की आणखी वर कापायचं. दोघंही प्रामाणिक होते आणि पाय मात्र संपत चालला होता.

"उद्या हे त्यांना सांगाल?"

"न्हाई जमणार बाई," मानसिंग मान खाली घालून म्हणाले.

सकाळी मानसिंगांना टेबलावर घेतलं. विनोदिनीचे भूलशास्त्राचे सर रजेवर होते, भूल तिनंच द्यायची होती. ती हात बांधून उभी राहिली.

"मी भूल देणार नाही. यानं दुखणं जाणार नाही, फक्त गुडघा जाईल. आधी शीर बधिर करणारं इंजेक्शन देऊन बघू द्या."

"तुझं काम झोपवायचं," मोठे डॉक्टर म्हणाले. "दोन्ही वेळा याला आराम पडला. मला यानं तोंडानं सांगितलंय."

"तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं."

"तुझ्या टर्मवर सही माझी लागते, हे ध्यानात आहे ना?"

"आहे. नका करू." ती जागची हलली नाही.

"मिरजेहून दुसरा भूलवाला बोलवा," ते नर्सला म्हणाले आणि मानसिंगांकडे वळले. "काय जवान, आमच्यावर भरवसा आहे ना?"

मानसिंगांचे हात सवयीनं अंगाला चिकटले. त्यांनी एकदा विनोदिनीकडं पाहिलं. नोकरी, शिक्षण सगळं पणाला लावून एक पोरगी त्यांच्या गुडघ्यासाठी उभी होती. सुरुंगाला न भ्यालेला माणूस घामानं भिजला.

"साहेब, दुखतंय," ते म्हणाले. "पैल्या बारीला कापलं तवाबी दुखत हुतं. दुसऱ्या बारीलाबी. मी खोटं बोललो. आता कापू देणार न्हाई."

मोठ्या डॉक्टरांनी हातमोजे काढून ताटलीत टाकले आणि ते निघून गेले.

सही त्यांनी केली नाहीच. विनोदिनीचे सहा महिने वाया गेले. माफी माग, असा वाईहून वडिलांचा निरोप आला. तिनं मागितली नाही. रजेवरून परतलेल्या सरांनी तिला मानसिंगांना इंजेक्शनं द्यायची मुभा दिली. वाया गेलेल्या त्याच महिन्यांत ती शिकाऊ डॉक्टरांना सोबत घेऊन, रोग्याच्या कॉटशी बसून विचारायचं कसं, ते शिकवायला लागली. अभ्यासक्रमात नव्हतं, नसू दे.

मानसिंग तपासणीला आले ते लाकडी पायावर, स्वतःच्या गुडघ्यानं चालत. तिनं विचारलं, "कसं आहे?"

"दुखतंय बाई," ते खुर्चीत पाय पसरून म्हणाले. "पैल्यापरास निम्मं. पर दुखतंय."

भोवतीच्या शिकाऊ पोरांकडं वळून विनोदिनी म्हणाली, "लिहून घ्या. हे खरं आहे."