एकवीस पूर्ण

"कार्ड दाखवा."

"मला विचारताय?" टक्कल पडलेल्या गिऱ्हाइकाने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच कोवळं नव्हतं. "काकू, माझा जावई पस्तिशीचा आहे हो."

"ते आले तर त्यांनाही विचारीन."

रांग हसली. काउंटरमागे तिला मात्र हसू येईना. इतकी वर्षं ती या दारूच्या दुकानात मागच्या गोदामात खोकी लावत होती. काउंटरवर उभं राहायची आज पहिलीच वेळ. इथली काउंटरवरची मुलगी वयाचं कार्ड विचारत नाही, हे गावभरच्या पोरांना ठाऊक झालं होतं. परवा तिने एकाला बाटली दिली, आणि तो निघाला उत्पादन शुल्क खात्याने तपासायला मुद्दाम पाठवलेला, एकवीस पूर्ण नसलेला. मुलीची नोकरी गेली. "पुन्हा असं झालं तर परवाना जाईल," मालकांनी सकाळीच बजावलं होतं. "मग तुम्हीही घरी आणि मीही."

तेव्हापासून दार वाजलं की मान वर. पाय एका जागी ठरेनात. प्रत्येक तरुण चेहरा खात्याचा वाटे.

दार वाजलं. तीन पोरं आत आली. त्यातला दाढी कोरलेला फळीवरची बाटली उचलून हसत काउंटरपाशी आला, आणि समोर पाहून थिजला.

तिचाच मुलगा. आई मागे गोदामात असते, पुढे फिरकतही नाही, या भरवशावर आलेला.

मालक तिच्या खांद्यामागेच उभे होते.

"कार्ड दाखवा," ती म्हणाली. पोटच्या पोराला अहो-जाहो करताना जीभ जड झाली.

"घरी राहिलं," तो पुटपुटला.

"द्या ना मावशी," त्याचा उंच मित्र पुढे झाला. "आईशप्पथ, एकवीस पूर्ण आहेत त्याला."

नव्हते. हिवाळ्यात होणार होते. तिच्याइतकं ते कुणाला माहीत असणार?

"आईची शपथ घेताय, तिला विचारलंत का?"

मुलाचे कान लाल झाले. त्याने बाटली खाली ठेवली. "चल रे."

"थांब की. आणि ही अशी काय बघते तुझ्याकडे? ओळखते का?"

"नाही," तो म्हणाला, आणि दार लोटून बाहेर पडला.

"ओळखीचे होते?" मालकांनी विचारलं.

क्षणभर तिने दाराकडे पाहिलं. ते अजून हलत होतं.

"नाही."

"बरं केलंत. असंच चालू द्या."

बाटलीच्या गळ्यावर घामेजल्या बोटांचे ठसे उमटले होते. तिने ती उचलली, फळीवर जागच्या जागी ठेवली आणि परत येऊन उभी राहिली. पुढच्या माणसाने न विचारताच कार्ड समोर धरलं. तिने जन्मतारीख वाचली. पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा कुठे ती डोक्यात शिरली.