बाळंतिणीच्या खोलीतली शेगडी

मित्रांनो, धामणगाव बढ्याला कलाबाईच्या परसात कोंबड्यांच्या खुराड्याला टेकून एक गंजकी बादली पडली आहे. तिच्या पोटाला खाली चौकोनी भोक आहे. आतून मातीचा जाड थर आहे, तो आता तडकला आहे. येणारेजाणारे मला भंगार समजतात आणि मला त्याचा राग येतो. मी एक जुनी शेगडी आहे. या गल्लीत एके काळी माझा मोठा मान होता.

कलाबाईच्या नवऱ्याने, मोतीरामने, मला चिखलीच्या बाजारातून आणलं तेव्हा मी साधी लोखंडी बादली होते. कलाबाईने लोहाराकडून मला भोक पाडून घेतलं, मधे सळयांची जाळी बसवली आणि भुसा घालून मळलेली माती आतून हाताने लिंपली. मी वाळल्यावर तिने मला टिचकी मारून पाहिली आणि म्हणाली, "झाली बाई पोरगी तयार." शेगडीला कोण पोरगी म्हणतं? मला ते फार आवडलं.

स्वयंपाक माझ्याकडे नव्हता. त्याला चूल होती, नंतर गॅस आला. गॅस दिसायला चिकणा, पण त्याच्यावर ओवा टाकून दाखवा म्हणावं. माझी जागा बाळंतिणीच्या खोलीत. गल्लीत कुणी बाळंत झालं की कलाबाईला बोलावणं यायचं आणि ती मला कडीला धरून घेऊन जायची. पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचे, आणि गोवऱ्यांचे निखारे माझ्यात फुलवून ती मला बाजेखाली सरकवायची. त्या ऊबेने बाळंतिणीची कंबर शेकून निघायची.

मग बाळाची अंघोळ झाली की निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची सालं पडायची. भपकन धूर उठायचा आणि त्याच्यावर बाळाला पालथं धरायचं. याला धुरी देणं म्हणतात. बाळाला वारा लागू नये म्हणून खिडकीत पोतं कोंबलेलं असे आणि दाराला गोधडी. बाळ शिंकलं की बायका म्हणायच्या, सर्दी निघाली. बाळ झोपलं की माझं कौतुक व्हायचं. काही बाळं खोकायची, पण लहान मूल खोकायचंच असं सगळे म्हणत आणि मीही तेच मानत होते. कौतुक ऐकून मी तर अगदी फुगून गेले होते.

कलाबाईला एकच लेक, छाया. तिचं सासर चिखलीला. तिचा नवरा रवी तिथे कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून आहे. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी छायाचा पाळणा हलला नव्हता. शेवटी दिवस राहिले, ती माहेरी आली आणि दिवस भरायच्या आधीच बुलढाण्याच्या दवाखान्यात पोट चिरून मुलगी झाली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी. तिचं नाव महामाया ठेवलं. सगळे तिला माया म्हणत.

माया घरी येणार म्हणून कलाबाईने मला घासलं, नवी माती लिंपली. दुसऱ्यांच्या बाळांना ती दिवसातून एकदा धुरी देई. आपल्या नातीला सकाळ-संध्याकाळ देऊ लागली. ओवाही मूठभर जास्त. तिचं प्रेमच तेवढं होतं.

थोड्याच दिवसांत मायाचे गाल लाल आणि खरबरीत झाले. कोपराच्या आतली कातडी फाटली. ती अंग घासायची, रडायची. कलाबाई तेल चोळायची. मग खोकला सुरू झाला. खोकला झाला की मला पेटवायचे. माझ्याजवळ आणलं की ती जास्त खोकायची, आणि जास्त खोकली म्हणून मला पुन्हा पेटवायचे. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते. पण शेगडीने काय करावं? निखारा पडला की ती तापते.

छायाने एकदा खिडकीतल्या पोत्याचं टोक ओढलं होतं. कलाबाईने ते परत कोंबलं.

"वारा बाधंल तिले," ती म्हणाली. "तू बी याच धुरीत वाढली. तुले काय झालं?"

छाया लेकीच्या नाकावर पदर धरून बसली.

माया नाजूक म्हणून छाया माहेरी नेहमीपेक्षा जास्त राहिली. एके दुपारी रवी लेकीला भेटायला आला. तेव्हा धुरी चालू होती. मायाच्या छातीतून मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज येऊ लागला. बरगड्या आत जायला लागल्या. ओठ काळसर पडले. रवीने गोधडी बाजूला फेकली, लेकीला उचललं आणि सगळे जीपने बुलढाण्याला धावले. मी रिकाम्या खोलीत तशीच धुमसत राहिले.

माया वाचली. पण ती या घरी परत आली नाही, काही दिवसांनी रवीने तिला आणि छायाला दवाखान्यातून सरळ चिखलीला नेलं. त्या दिवशी संध्याकाळी कलाबाई आणि मोतीराम दोघेच घरी आले. दवाखान्यात काय झालं ते मी कलाबाईच्याच तोंडून ऐकलं. ती शेजारणीला सांगत होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, घरात धूर कुठून येतो.

"म्या म्हटलं, धूर नाही मॅडम, धुरी हाय. दवाई हाय ते," कलाबाई म्हणाली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नव्हत्या. त्यांनी समजावलं होतं. रवीलाही लहानपणी दमा होता. मुलगी दिवसांआधी जन्मली. खोली ओली आणि बंद. एकाच गोष्टीकडे बोट दाखवता येत नाही, असं त्या म्हणाल्या. पण इतक्या कोवळ्या छातीत रोज धूर गेला तर तो ओव्याचा असो की बिडीचा, इजाच करतो.

छायाने आईला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर कलाबाईचं मन तरी मोकळं झालं असतं. त्या संध्याकाळी कलाबाईने मी गरम असतानाच माझ्यावर घागरभर पाणी ओतलं. माझी माती तेव्हाच तडकली. मला दुखलं, पण तिचा राग माझ्यावर नव्हता हे मला ठाऊक आहे.

आता ती कुणाकडे धुरी द्यायला जात नाही. गल्लीत बाळ जन्मलं की न बोलावता जाते आणि खिडकीतलं पोतं काढून टाकते. बायका तिला चार गोष्टी ऐकवतात. ती ऐकून घेते.

माया आता अंगणवाडीत जाते. तिच्या पिशवीत तोंडावर लावायचा दम्याच्या औषधाचा पंप असतो. धुराचा, धुळीचा वास आला की तिची छाती वाजू लागते. आज ती बऱ्याच महिन्यांनी छायाबरोबर आजोळी आली आहे. फाटकातून ती दोन्ही हात पसरून धावतच आली. कलाबाई तेव्हा अंघोळीचं पाणी तापवून चुलीपुढून उठली होती. पोरीला जवळ येताना पाहून ती एकदम मागे सरली आणि तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. तिच्या लुगड्याला धुराचा वास होता.

माया जागेवरच थांबली.

"आई, आजी मले घेत काऊन नाही?" तिने विचारलं.

कलाबाई तोंड फिरवून न्हाणीघरात गेली.

मित्रांनो, तुमच्या घरी बाळ येईल तेव्हा त्याच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा. शेगडी, उदबत्ती, बिडी, सगळं बाहेर राहू द्या. बाळ खोकलं, त्याच्या अंगावर चट्टे उठले, तर घरचे उपाय थांबवा आणि त्याला डॉक्टरकडे न्या. कलाबाईएवढी माया करणारं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि तरी हे झालं.

माया माझ्याशेजारी उभी राहून वाट पाहते आहे. दोनदा तिने आजीला हाक मारली. आतून पाणी ओतल्याचा आवाज येतो आहे. कलाबाईने अंघोळ केली, लुगडं बदललं, पण ती बाहेर आली नाही. तिने केसांवर पुन्हा साबण लावला आहे.