बहरीनला निघालेली कटिंगं

मालनने कात्री टेबलावर इतक्या जोरात आपटली की टाचण्यांची डबी उलटली.

"म्हणजे मी जात नाही?"

"अहो मालनबाई, बहरीनला इंग्रजीत बोलावं लागतं," वर्गाचा मालक चंद्रप्रकाश म्हणाला. "अनुपमाला येतं. तुम्ही तिला तीन दिवसांत तयार करा, आणि तुमची सगळी मापाची कागदी कटिंगं तिच्यासोबत द्या."

"आणि मी काढलेला पासपोर्ट?"

"राहू दे ना. पुढंमागं कामाला येईल."

पार्ल्याच्या या नलिनी शिवणवर्गाला त्याने बायकोचं नाव दिलं होतं. त्या बाईने उभ्या जन्मात सुईत दोरा ओवला नव्हता. वर्ग चालवला मालनने. मुलुंड, बोरिवली, घाटकोपर, ज्याने ज्याने हे नाव घेऊन शाखा काढली त्याच्या शिक्षिकेला मालननेच शिकवलं, आणि मालनच्याच खाकी कागदी कटिंगांवर तिथले ब्लाउज बेतले गेले. बहरीनमध्ये मराठी घरं ती किती! तरी तिथल्या एकाने शाखा मागितली, तेव्हा चंद्रप्रकाशने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, सुरू करून द्यायला तुम्हीच जायचं. कांजूरमार्गच्या चाळीत तिने ते सगळ्यांना सांगून टाकलं होतं. सासूने तर नवी बॅगसुद्धा आणायला लावली होती. आता कुणाकुणाला काय सांगायचं? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

अनुपमा ही चंद्रप्रकाशची मेव्हणी. बोलायला गोड, हात मात्र नवखा. दोन दिवस गळा आणि बाही समजण्यातच गेले. तिसऱ्या दिवशी तिने एकटीने कापड अंथरलं, त्यावर कागद ठेवला, कडेकडेने खडूची रेघ ओढली आणि थेट रेघेवरच कात्री टेकवली. शिवून बघायला वेळ नव्हता. उद्या विमान होतं.

मालनचा हात आपोआप पुढे झाला. तिचे कागद अंगाच्या नेमक्या मापाचे असत. शिलाईसाठी चहूबाजूंनी अर्धा इंच कापड जास्त सोडायचं, हे ती प्रत्येकीला पहिल्याच दिवशी तोंडी सांगायची, कागदावर कधी लिहीत नसे. या खेपेला रागाच्या भरात ते राहून गेलं होतं.

राग अजून होताच. पण तिथल्या बायका ब्लाउज अंगात शिरेना म्हणून मालनच्या नावाने बोटं मोडतील, हे तिला सोसण्यासारखं नव्हतं.

"थांब गं जरा," ती म्हणाली आणि तिने कागद उचलला.

प्रत्येक कागदाच्या मधोमध ती शाईने नाव आणि साल घालायची. मालन, ८३. मालन, ८५. त्या जागी पांढरी पट्टी चिकटवलेली होती आणि पट्टीवर नलिनी शिवणवर्गाचा शिक्का होता. तिने दुसरा कागद पाहिला, तिसरा पाहिला, मग सगळा गठ्ठाच चाळला.

"हे कुणी केलं?"

"भाऊजींनी, काल," अनुपमा म्हणाली. "तिथं एकच नाव दिसलं पाहिजे म्हणाले. का हो बाई? माझं काही चुकलं का?"

मालनने पट्टीची कड नखाने खरवडून पाहिली. खळ पक्की बसली होती. तिने कागद परत कापडावर ठेवला, त्याच्या कडा खडूच्या रेघेशी नीट जुळवल्या आणि कात्री अनुपमाच्या हातात दिली.

"छे गं, झकास चाललंय," ती म्हणाली. "फक्त रेघेच्या बाहेर अजिबात जाऊ नकोस."