लागलेले पातेले

"नखं लपवा. सुरीला नखं दिसता कामा नयेत," मावशी म्हणाल्या आणि बारा मुलांच्या डाव्या हातांची बोटे गाजरांवर दुमडली.

"ही सुरी खरी आहे?" माझ्या नातीने विचारले. ती नऊ वर्षांची.

"गाजर खरं आहे ना? मग?"

मुलांचे हे स्वयंपाकाचे शिबिर भरवणाऱ्या केंद्राच्या व्यवस्थापिका दारात उभ्या होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. प्लास्टिकच्या सुऱ्यांचा खोका त्यांच्या हातात तसाच राहिला. "मावशी, एखाद्याचं बोट कापलं तर?"

"कापेल की. धुऊ, पट्टी बांधू, पुढचं गाजर घेऊ."

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर पुस्तक उघडून बसलो होतो. खरे तर नातीला सोडून घरी जायचे होते, पण "आजोबा, थांब ना" म्हटल्यावर पाय निघाला नाही. मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. स्वयंपाकातले मला काही कळत नाही, त्यामुळे हे लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, कोण जाणे. पण त्या दोन दिवसांत पुस्तकाचे एकही पान उलटले गेले नाही, एवढे खरे.

मावशी हात पाठीमागे बांधून टेबलाभोवती फिरत. कोणाच्या हातातून काही काढून घेत नसत. एका मुलाने बटाट्याचे दोनच तुकडे करून सुरी खाली ठेवली. त्याचे नाव मुलांनी तासाभरातच 'घाईबाबा' पाडले होते.

"हा ढब्बू शिजेपर्यंत बाकीचे विरघळून जातील," मावशी म्हणाल्या. "थांबतील का ते त्याच्यासाठी?"

"त्यांना सांगा ना थांबायला," घाईबाबा म्हणाला.

"तूच सांग. तुझं ऐकतात का बघ."

त्याने सुरी पुन्हा उचलली. विस्तवाला घाबरणाऱ्या एका मुलीला त्यांनी शेगडीजवळ बोलावलेच नाही. चार हातांवर उभे केले आणि म्हणाल्या, "नुसतं ऐक. बुडबुडे हळू बोलायला लागले की मला सांग." दुपारपर्यंत ती मुलगी शेगडीपाशी उभी राहून इतरांना गप्प बसवत होती. "मला ऐकू येत नाही," म्हणून मलाही तिने दटावले.

शनिवारी चहाच्या वेळी मावशी माझ्या शेजारी टेकल्या. एका मोठ्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात त्यांनी एकतीस वर्षे काढली होती. रोज चारशे ताटे.

"खाताना एकालाही बघितलं नाही हो," त्या म्हणाल्या. "खिडकीतून ताटं जायची, खिडकीतून परत यायची. अर्धं ताट परत आलं की वाटायचं, कोण असेल, काय दुखत असेल. तेवढीच ओळख."

निवृत्तीनंतर दोन वर्षे घरात बसून काढल्यावर त्यांनी हे शिबिर मिळवले होते, तेही चाचणीपुरते. रविवारी दुपारी पालक जेवायला येणार होते. ते जेवण पाहून मॅडम ठरवणार होत्या, की शनिवार-रविवारचा वर्ग कायमचा मावशींना द्यायचा की हॉटेलातल्या उंच टोपीवाल्याला.

"मला हे पाहिजे, आजोबा," त्या इतक्या सरळ म्हणाल्या की मीच खाली बघितले.

रविवारी सकाळी मॅडम हळूच येऊन म्हणाल्या, "तुम्ही तुमच्या हातचं एक पातेलं बाजूला करून ठेवा. मुलांचं बिघडलंच तर ते वाढू. कोणाला कळणार आहे?"

"मुलांना कळेल," मावशी म्हणाल्या.

पालक यायला अर्धा तास होता. डाळ आणि भाज्यांचे घट्ट सूप मोठ्या पातेल्यात रटरटत होते. तेवढ्यात घाईबाबाने पाव कापताना बोट कापून घेतले. रक्त पाहून त्याने भोकाड पसरले. मावशी त्याला नळाकडे घेऊन निघाल्या आणि तमाशा बघायला बाकीची अकरा मुले मागोमाग गेली.

"आजोबा, पातेल्याकडे बघा जरा," मावशी जाता जाता म्हणाल्या.

मी बघितले. नुसते बघून थांबलो असतो तर बरे झाले असते. करपल्याचा वास आला, मी गडबडलो आणि लांब डाव घेऊन तळापासून वरपर्यंत जोर लावून ढवळले. घट्ट सूप तळापासून ढवळावे, असे कुठेतरी वाचले होते. काळे पापुद्रे वर तरंगू लागले.

नात दारात आली. "आजोबा! लागलं की डाव घालायचा नसतो! आच बंद करायची आणि वरचं अलगद दुसऱ्या पातेल्यात काढायचं. काल नाही का सांगितलं मावशींनी?"

काल मी पुस्तकात तोंड खुपसून बसलो होतो.

मावशी दारातच थांबल्या. वासावरून त्यांना सगळे कळले असावे. त्यांनी आच बंद केली, पातेल्यात पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि वरचे सूप अलगद दुसऱ्या पातेल्यात काढायला घेतले. पालक येऊ लागले होते. मॅडम घाईघाईने आत आल्या.

"हे वाढू नका. मी बाहेरून मागवते."

"मुलांनी केलंय, मॅडम. तीच वाढतील."

मग पदराला हात पुसून त्या पालकांसमोर उभ्या राहिल्या. "सूप लागलंय. मी पातेल्यापाशी नव्हते, चूक माझी. पण गाजर बघा कसं एकसारखं चिरलंय. पाव मुलांनी मळलाय, भाजलाय."

मी उठलो. चार माणसांसमोर बोलायचे म्हटले की माझी जीभ जड होते. "त्यांची नाही, माझी," एवढेच बाहेर पडले. "मी... ढवळलं."

"माझे आजोबा आहेत," नात म्हणाली. "त्यांना काही येत नाही."

सगळे हसले. कोणाच्या तरी वडिलांनी दुसऱ्यांदा सूप मागितले, काहींनी पहिलेच बाजूला सारले. घाईबाबा पट्टीचे बोट उंच धरून पाव वाढत फिरत होता. मावशी भिंतीला टेकून एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. कोणी घास घेतला, कोणी फुंकर घातली, काहीच त्यांच्या नजरेतून सुटले नाही.

पालक पांगल्यावर मॅडमनी त्यांना बाजूला घेतले. मला अर्धवटच ऐकू आले. "...तुमची तळमळ दिसते, पण पालकांना नीटनेटकं लागतं हो..." मावशींनी मान हलवली. पुढच्या महिन्यापासून टोपीवाला येणार होता.

चूक माझी होती, हे मी मॅडमकडे जाऊन पुन्हा सांगितले. "आजोबा, तेवढ्यावर नसतं ठरत," त्या समजुतीने म्हणाल्या.

मी आत गेलो तेव्हा मुलांनी मोरीभोवती कोंडाळे केले होते. मावशी पाटावर बसून लागलेले पातेले घासत होत्या.

"मला द्या," मी म्हणालो.

त्यांनी वर पाहिले, सरकून जागा केली आणि घासणी माझ्या हातात दिली. मी घासू लागलो. थोड्या वेळाने त्यांनी ओला तळवा पातेल्याच्या तळावरून सावकाश फिरवला, डोळे मिटून, आणि एका जागी थांबवला.

"इथं अजून आहे," त्या म्हणाल्या. "जोर नका लावू. गोल गोल."