फ्रीजमध्ये बसलेला गर्भदेव

आमचा फ्रीज भर रस्त्यात उभा होता आणि तैवानच्या लुकांग गावातली आमची अख्खी गल्ली त्याला हात जोडत होती. का, तर सूनबाईच्या पोटातल्या बाळाचा राखणदार गर्भदेव आज फ्रीजमध्ये मुक्कामाला होता म्हणे. काल तो पलंगात होता, म्हणून मी जमिनीवर झोपलो.

देवाचा हा पत्ता देवळातल्या ल्याउ गुरुजींनी काढला आणि पूजेसाठी फ्रीज बाहेर आणवला. गरोदर बाईच्या घरात खिळा ठोकायचा नाही, सुई-कात्री चालवायची नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. गुरुजींनी त्यात लसही घुसडली. "इंजेक्शन म्हणजे सुईच. देवाला टोचली तर?"

सून पेइवेन रडकुंडीला आली होती. "आई, आठवा महिना सरत आला. शेजारच्या तान्ह्याला डांग्या खोकल्यानं श्वास घेता येईना, पाहिलंत ना? बाळाला स्वतःची लस जन्मल्यावर दोन महिन्यांनी मिळणार. तोवर मी लस घेऊन त्याला दिलेलं बळच कामी येणार, आणि ते त्याच्यापर्यंत पोचायला पंधरा दिवस तरी लागतात."

"देव सांगेल तसं," माझी बायको म्हणाली.

गुरुजींनी चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी ठोकळे उडवले. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली, तर देवाचा होकार. दोन्ही फुगीर वर, तर नकार. दरवेळी नकारच. गर्दी थरारली. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, माझं टाळकंच सरकलं.

"मीही विचारतो," म्हणत मी ठोकळे उचलले. "देवा, नैवेद्याची कोंबडी गुरुजींनी न्यावी का?"

नकार.

"बरं, गुरुजी खरं बोलतात का?"

नकार. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

मी स्वयंपाकघरातून सुरा आणला. गुरुजी दचकले. "अहो, देवाला लागेल."

"देव फ्रीजमध्ये आहे ना? फ्रीज रस्त्यात आहे." असं म्हणून मी उंबऱ्याच्या आत बसून ठोकळा फोडला. सपाट बाजू कोरून आत भरलेलं शिसं टपकन खाली पडलं. जड बाजू खाली जाणारच, त्यात देवाचा काय दोष?

गुरुजी कोंबडी न घेताच सटकले. बायकोनं ते शिसं बोटानं चाचपलं आणि चपला शोधत ती म्हणाली, "चल गं पेइवेन, दवाखाना बंद व्हायच्या आत जाऊ."

देवाला खुशाल हात जोडा, माझी ना नाही. पण लस कोणत्या महिन्यात घ्यायची ते डॉक्टरला विचारा, आणि त्याच महिन्यात घ्या. आमची नात आता महिन्याची आहे. सारी गल्ली डोक्यावर घेऊन रडते. रडायला श्वास पुरतो तिला.